हिशियातली पाहुणी

कोकुरा,
६ एप्रिल १९७९

चि. सौ. इत्सुकोस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? तेहेतीस वर्षांनी लिहिते आहे. अक्षर तेच आहे, बाई बदलली. जानेवारीत आमचे ओगाता गेले. छातीत कळ आली म्हणाले आणि चहा निवायच्या आत संपले. मूलबाळ नाही. आता घरात मी आणि रेडिओ.

तुमच्याकडचा लोणचेवाला इथल्या बाजारात भेटला. आई पडली आणि तेव्हापासून तिला माणसांची ओळख पटत नाही, असं त्याच्याकडून कळलं. हे मला लोणचेवाल्याने सांगावं! असो. रागावण्याचा हक्क मला नाही.

मी घर सोडलं त्या दिवशी आई म्हणाली होती की तिला एकच मुलगी आहे. ऐंशीच्या वयात तरी तिचा राग उतरला असेल. मला काही नको. तिने एकदा मला नावाने हाक मारावी, एवढंच. मग मी परत जाईन.

तुझ्या तोकुजोंना नमस्कार. तू अजून मासा खाताना डोकं आधी खातेस का?

लोभ उरला असेल तर ठेव.
तुझी,
ताई

०

हिशिया, नदीकाठ, हिता
१४ एप्रिल १९७९

श्रीमती चिझुरू ओगाता यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. ९ जून रोजी आमच्या अतिथिगृहातली वरच्या मजल्यावरची नदीकडची खोली आपल्यासाठी राखून ठेवली आहे. एक मुक्काम, दोन वेळचं जेवण. तेव्हा पाळीव पाणकावळे नदीत सोडून करतात ती मासेमारी सुरू झालेली असेल. आयू मासा ताजा मिळेल.

आईची तब्येत डॉक्टरांच्या मते नाजूक आहे. तिला धक्का बसेल असं काही चालणार नाही. मात्र दुपारच्या चहाला ती अजूनही पाहुण्यांना भेटते. पन्नास वर्षांची सवय आहे, सुटत नाही. आपण पाहुणी म्हणून तिला भेटावं आणि आपण कोण ते सांगू नये. हे मान्य नसेल तर तसं कळवावं, खोली दुसऱ्यांना देता येईल.

आपल्या पायधुळीने आमच्या घराची शोभा वाढेल. स्नेह असू द्यावा.
इत्सुको
मालकीण, हिशिया

०

कोकुरा,
२० एप्रिल १९७९

चि. इत्सुकोस, आशीर्वाद.

सा. न. वि. वि.? मी काय विजेचं बिल मागायला येते आहे?

मान्य आहे. सगळं मान्य आहे. राखी रंगाचा किमोनो धुवायला टाकला. पाहुण्या बायका काय घालतात ते विसरले, इतकी वर्षं मी कुठे मुक्कामालाच गेले नाही. मी न बोलता बसेन. आईने मला बघितलं की ती स्वतःच ओळखेल, तेव्हा मात्र माझ्यावर ठपका ठेवू नकोस.

माया असू दे.
ताई

०

कोकुरा,
१२ जून १९७९

चि. इत्सुकोस, आशीर्वाद.

काल दिवसभर लिहायला बसले आणि उठले. आज लिहिते.

दारात तू गुडघे टेकून माझ्या चपला फिरवून ठेवल्यास. मोलकरणीने पाहुण्यांची वही पुढे केली. नाव, गाव, व्यवसाय. ज्या घरात जन्मले त्या घरात मी हे लिहिलं. जेवण फार चांगलं होतं. आयू भाजलेला तोकुजोंनीच ना? ते एकदाही स्वयंपाकघराबाहेर आले नाहीत.

मग चहा. आई केवढीशी झाली आहे गं. तिने मला वाकून नमस्कार केला, प्रवास कसा झाला विचारलं, नदीचं पाणी यंदा कमी आहे म्हणून माफी मागितली. मग तुझा हात हातात घेतला आणि मला म्हणाली की ही माझी थोरली, चिझुरू. हिच्या जिवावर मी आहे. अशी लेक सात जन्मांत मिळायची नाही. धाकटीचं मात्र नाव काढू नका म्हणाली. लग्न नऊ दिवसांवर असताना परपुरुषाचा हात धरून पळाली, काळ्या मनाची कार्टी, इत्सुको तिचं नाव. आणि हे चालू असताना तू माझ्या पेल्यात चहा ओतत होतीस. एक थेंब सांडला नाही.

मी शब्द मोडला, ते खरं. आई, चिझुरू मी आहे, असं तोंडातून निघून गेलं. आई तोंडावर बाही धरून हसली. तुझ्या कानाशी लागून म्हणाली की बाई भर दुपारी घेऊन बसलेल्या दिसतात, त्यांना खारवलेलं आलुबुखार दे, उतरेल. तू खरंच आणून दिलंस. तिच्यासमोर मी ते खाल्लं.

निघताना तू दारात वाकून उभी होतीस, मी पुलाचं वळण पार करेपर्यंत. मी तीनदा मागे पाहिलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर मी सुखाने गाडीत बसले असते.

इत्सुको, तू तिला खरं का सांगत नाहीस?

ताई

०

हिता,
२५ जून १९७९

ताई,

विचारलंस म्हणून सांगते. एकदाच सांगेन.

तू गेलीस तेव्हा तोकुजोंचं नाव आपल्या घराच्या नोंदवहीत चढलं होतं. घरजावई आणला होता, तो परत कसा पाठवायचा? म्हणून आईने मुलगी बदलली. तुझ्या मापाचा लग्नाचा किमोनो चार बोटं दुमडून मला नेसवला. मी अठरा वर्षांची होते. तोकुजोंनी लग्नात मान वर केली नाही. अजूनही फारशी करत नाहीत.

तेहेतीस वर्षं आईने मला नावाने हाक मारली नाही. ए, ऐकलंस का, एवढंच. मी कितीही चांगलं केलं तरी थोरलीने ते आणखी चांगलं केलं असतं. तिने तुझं नाव टाकलं म्हणतेस? तुला ते बाहेर दिसलं. आत रोज तूच होतीस.

पडल्यावर तिने पहिल्यांदा माझा गाल कुरवाळला आणि चिझुरू म्हणाली. मी म्हटलं, मी इत्सुको. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी गप्प राहिले. ती दोन वाट्या भात जेवली.

नवरा तू मला दिलास, घर तू मला दिलंस, मी मागितलं नव्हतं. हे एवढं मी स्वतः घेतलं आहे. ते परत देणार नाही.

इत्सुको

०

कोकुरा,
३ सप्टेंबर १९७९

चि. इत्सुकोस, आशीर्वाद.

तुझं पत्र दोन महिने उशाखाली होतं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे.

तरी एक सुचवते. मला इत्सुको म्हणून येऊ दे. पळून गेलेली धाकटी परत आली, असं तिला सांग. ती शिव्या देईल, थुंकेल, हाकलून देईल. त्या शिव्या माझ्याच आहेत, मी खाईन. तू चिझुरूच राहा. तुझ्यातलं काही जात नाही. निदान ती ज्या मुलीवर रागावली आहे ती मुलगी तिच्यासमोर असेल.

आईसाठी लोकरीची बंडी पाठवली आहे. सकाळी नदीवरून वारा येतो तेव्हा तिला घाल.

हात जोडते.
ताई

०

हिशिया, नदीकाठ, हिता
२० ऑक्टोबर १९७९

श्रीमती चिझुरू ओगाता यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पार्सल पोचलं. लोकर उंची आहे. पानं लाल होण्याचे दिवस असल्याने नोव्हेंबरअखेरपर्यंत आमच्या सर्व खोल्या भरल्या आहेत, त्यामुळे आपल्या विनंतीचा विचार करता येत नाही. क्षमस्व. आईची काळजी आपण करू नये.

ऋतू बदलतो आहे, प्रकृतीस जपावं.
इत्सुको
मालकीण, हिशिया

०

कोकुरा,
१० नोव्हेंबर १९७९

चि. इत्सुकोस, आशीर्वाद.

नाही म्हणालीस, पण नोव्हेंबरअखेरपर्यंतच म्हणालीस. मी हिशियाची मुलगी आहे की नाही? डिसेंबरात खोल्या रिकाम्या असतील. मी चौदा तारखेचं गाडीचं तिकीट काढून ठेवलं आहे. हवं तर पाहुण्यांच्या वहीत पुन्हा नाव लिहीन, व्यवसायाच्या जागी पळपुटी असं लिहीन. आईला बंडी बसली का? बाह्या लांब झाल्या असतील तर आल्यावर उसवून देते. आता पायमोजे घेतले आहेत विणायला, एक झाला.

आईला माझा नमस्कार, ज्या नावाने सांगायचा त्या नावाने सांग.

वाट पाहते.
ताई

०

(छापील पोस्टकार्ड, राखी किनार)

हिशिया, नदीकाठ, हिता
डिसेंबर १९७९

आमच्या सर्व सन्माननीय पाहुण्यांस,
सविनय निवेदन.

आमच्या मातोश्री कियो यांचं ९ ऑक्टोबर रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी निधन झालं. घरात सुतक असल्याने येत्या नववर्षाच्या शुभेच्छा आम्ही पाठवू शकत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. यंदा आमच्याकडे मुक्काम करून आपण जो स्नेह दाखवलात, तो पुढील वर्षीही तसाच राहावा ही विनंती.

हिशिया परिवार

(खाली, शाईने)

बंडी तिच्या जाण्याआधी पोचली होती. घातली नाही.
शेवटच्या दिवशी तिने चिझुरूला हाक मारली. दोनदा. दोन्ही वेळा मी ओ दिली.