आट्यांचा जोड

प्रिय बोक्या,

काल फोनवर तू विचारलंस, आट्यांचा जोड काय नि क्लॅम्पचा काय, एवढा फरक पडतो का? पडतो. क्लॅम्प पाठीवरच्या हवेच्या टाकीच्या व्हॉल्व्हवर बाहेरून बसवून आवळायचा असतो. हवा अडवणारी रबराची ओ-रिंग त्या दोघांच्या फटीत असते आणि क्लॅम्पला टोला बसला की ती जागची हलू शकते. आट्यांचा जोड व्हॉल्व्हच्या आत फिरवून बसवतात, ओ-रिंग आतच कोंडलेली राहते. उघड्या पाण्यात क्लॅम्प चालतो, डायव्हिंगच्या दुकानात मी रोज लोकांना लावून देते. पण तू बुडालेल्या जहाजाच्या आत शिरणार आहेस. तिथे डोक्यावर पाणी नाही, लोखंड असतं.

आई बरी आहे. जिना चढताना दम लागतो, बोलताना लागत नाही. तुझ्या पोहण्याबुडण्याचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवते, म्हणजे मी पुढे काही सांगू नये. लहानपणी तू बादलीत डोकं बुडवून बसायचास तेव्हाही ती आत भांडी आपटत राहायची, आणि तुला मानगूट धरून वर काढायचं काम माझ्याकडे. ते काम अजून माझ्या गळ्यातून सुटलेलं नाही.

त्या दिवसाची गोष्ट तू सगळ्यांना हसत सांगतोस. जहाजाच्या दारातच तुझा क्लॅम्प तुळईवर आदळला, भसाभसा हवा सुटली, ताईने आपली हवेची जादाची नळी तुझ्या तोंडात कोंबली आणि बोटीवर येऊन तू माझं सँडविचही हाणलंस. मला मात्र एवढंच आठवतं की बुडबुड्यांमागे तुझा चेहरा दिसत नव्हता. हात पुढे केला तर हातात काही येईना. तेव्हापासून मी पाण्यात उतरलेले नाही. दुकानात सांगते, कान दुखतो. कान ठणठणीत आहे रे. मला भीती वाटते.

आता खरं सांगते. टाकीतली हवा तोंडाशी आणणारा तो तुझा रेग्युलेटर, आट्यांचा जोड बसवायला माझ्याकडे ठेवून गेलास. सुटा भाग आलेला नाही, असं मी दर फोनला सांगत आले. भाग केव्हाच आलाय. मी तो बसवला, टबात बुडवून तपासला, मग उगीच खोलून पुन्हा बसवला. तो माझ्या खणात आहे तोवर तू आत शिरणार नाहीस, अशी वेडी समजूत. आणि काल तू आरामात म्हणालास, राहू दे ताई, इथे कुणाचा तरी क्लॅम्पचा मिळतोय, त्यावरच जातो. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि लगेच खण उघडला. माझ्याच खोटेपणाने तुला पुन्हा त्या क्लॅम्पवर आत धाडलं असतं.

म्हणून हे पार्सल. तुझ्याकडे येणाऱ्या बोटीवरच्या माणसाच्या हाती रेग्युलेटर आणि हे पत्र दोन्ही देतेय. टाकी आट्यांच्या व्हॉल्व्हचीच मागून घे. जोड हातानेच फिरवून पुरता बसव, हवा सोड, पाण्यात धरून बुडबुडा येतोय का बघ. जाऊ नकोस असं तीनदा लिहिलं नि फाडलं, तू ऐकणार नाहीस. पण वर आलास की पहिला फोन घरी कर. आईला मी सगळं सांगितलंय. आज तिने टीव्ही लावलेलाच नाही.

तुझीच, अजून तुझी मानगूट न सोडलेली,
ताई