नांदेडचा वीस तासांचा वर्ग

लातूर,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रिया,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे खुशाल असतील असं धरून चालते. इकडे आम्ही बरे आहोत. वीरेशचं हार्डवेअरचं दुकान चालू आहे. मुलगी शिकायला संभाजीनगरला गेली, त्यामुळे घरात आता दोघंच. माझं जुनंच काम, घरं नि प्लॉट दाखवायचं.

तुझा पत्ता कॉलेजच्या ग्रुपवर विचारून घेतला. नंबरही मिळाला होता. पण फोनवर तू दोन मिनिटांत "जाऊ दे" म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून बारा वर्षांनी हे पत्र.

जूनमध्ये मी तीन दिवस नांदेडला होते. ग्रुपवरच्या पत्त्यावरून बघितलं तर तुझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. आले नाही.

आमची एजंटाची नोंदणी पाच वर्षांची असते. माझी संपत आली होती. आता नूतनीकरण करायचं तर आधी वीस तासांचा वर्ग करायचा, मग परीक्षा द्यायची, मग प्रमाणपत्र. मला जमणारा वर्ग नांदेडला होता. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर चाळीसेक एजंट, प्लास्टिकच्या खुर्च्या, मांडीवर वह्या. आपण बी.कॉम.ला होतो तेव्हासुद्धा इतक्या शिस्तीत कधी बसलो नसू. माझ्या शेजारी निलंग्याचे रामलिंगअप्पा होते, वय सत्तरच्या घरात. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "पोरी, चाळीस साल झाले वावरं विकायलोय. आता हे मला शिकवायलेत जमीन म्हंजे काय ते." पण लिहून सगळं घ्यायचे, अगदी फळ्यावरची तारीखसुद्धा.

शिकवणाऱ्या बाई वकील होत्या, देगलूरकडच्या. तिसऱ्या दिवशी विषय होता ग्राहकाला खरी माहिती देण्याचा. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "घर शिल्लक असताना 'विकलं गेलं' असं कुणीकुणी सांगितलंय? हात वर करा."

रामलिंगअप्पांनी बिनधास्त हात वर केला. "रोजच सांगतो की बाई. त्याबिगर गिऱ्हाईक दुसऱ्या घराकडं वळतंय व्हय?"

सगळे हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "आणि दुसरं घर विकायचं नसताना? समोरचा माणूसच नको म्हणून?"

कुणी हसलं नाही. कुणी हातही वर केला नाही. मीही नाही. बाई पुढच्या धड्याकडे वळल्या. मी तो धडा नीट लिहून घेतला. दुपारी चारला वर्ग सुटला, पाचच्या बसने मी लातूरला आले. पुढे परीक्षा झाली, गुण चांगले पडले, नोंदणी नवी झाली.

आता जुलैतलं सांगते.

बुद्धप्रिया म्हणून एक मुलगी आहे, बँकेत नोकरीला. तिची शिरूर अनंतपाळहून इकडे बदली झाली. नवरा प्रेम पॉलिटेक्निकला शिकवतो. घर बघत होते. मी त्यांना ईश्वरप्पाकाकांच्या नव्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. काका तुला आठवतील, माझ्या मावशीचे यजमान. माझ्या हातात पहिली कामं त्यांनीच दिली. फ्लॅट दोघांना पसंत पडला. बुद्धप्रियानं पलंग कुठं ठेवायचा तेही ठरवलं. कागद करायचे म्हणून मी दोघांची आधार कार्डं काकांकडे पाठवली. संध्याकाळी काकांचा फोन.

"मंजू, त्यांना सांग, गेला म्हणून."

"काका, फ्लॅट गेला नाही."

"ते मला माहीत हाय. तू सांग फक्त. माणसं चांगली हायत, मी काय वाईट म्हनलो का? पण बाकीचे फ्लॅटवाले माझ्याकडं येऊन बसतेत. उगं कशाला घरात भांडन?"

"मी नाही सांगणार, काका."

"आता काय झालं? मागं सांगितलीस की."

मागं म्हणजे तू, प्रिया.

२०१३. काकांची पहिली इमारत, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तू तेव्हा लातूरलाच ज्युनिअर कॉलेजात शिकवायचीस. तुला तळमजलाच हवा होता, कारण तुझ्या आईचे, कोंडामावशींचे, गुडघे गेले होते आणि मुरुडहून त्यांना दर पंधरवड्याला दवाखान्यात आणताना तुझे हाल व्हायचे. घर मीच दाखवलं होतं. चार दिवसांनी फोन करून मी तुला म्हणाले, "तो फ्लॅट गेला गं. कालच कुणीतरी टोकन दिलं."

कुणीही टोकन दिलं नव्हतं. काकांनी तुझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि ते म्हणाले, गेला म्हणून सांग. तेव्हा माझ्याकडे ते एकच काम होतं. हे कारण म्हणून देत नाही, तेव्हा काय होतं ते सांगते. तो फ्लॅट पुढे आठ महिने रिकामा होता. मी रोज त्याच्यासमोरून जायचे. तू वर्षभरात बदली करून घेऊन नांदेडला गेलीस. तीन वर्षांनी कोंडामावशी गेल्या, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. हॉस्टेलवर असताना तीन वर्षं मी सुट्टीत मुरुडला त्यांच्या हातचं जेवले, आणि मी भेटायला आले नाही. आले असते तर तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

काकांना मी फोनवर एवढंच म्हणाले, "मागं चुकलं." त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बुद्धप्रिया आणि प्रेम ऑफिसात आले. मी सांगितलं, "फ्लॅट शिल्लक आहे. मालक तुम्हाला द्यायला तयार नाहीत. कारण तुमच्या लक्षात आलं असेल."

प्रेम भिंतीवरच्या शहराच्या नकाशाकडे बघत राहिला. बुद्धप्रिया म्हणाली, "हे पाचवं घर आहे, मॅडम. चार वेळा 'गेला' म्हणून ऐकलं. तोंडावर पहिल्यांदाच कुणी सांगितलं." मग पर्स मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "हे लिहून द्याल का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. चहा मागवला. उद्या सांगते म्हणाले. ती मान हलवून उठली. तिला माझं उत्तर कळल्यासारखं ती उठली, ते मला बघवलं नाही. दोघं जिन्यापर्यंत गेले तेव्हा परत बोलावलं आणि तिथंच, माझ्या ऑफिसच्या शिक्क्यानिशी लिहून दिलं.

त्यांनी पोलिसांत तक्रार दिली आहे. मी साक्षीदार आहे. माझ्या मावशीचा फोन येणं बंद झालं. काका आता वीरेशच्या दुकानातून माल घेत नाहीत, आणि काकांमुळे येणारे इतरही दोघे-तिघे येईनासे झाले. वीरेश आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. मग एका सकाळी शर्टाची बटणं लावताना म्हणाला, "लिहून दिलीस ना? मग आता फिरू नको. फिरलीस तर दोन्हीकडून जाशील." त्याच्या परीनं तो पाठिंबाच असावा.

माझा जबाब घेणाऱ्या अधिकारी बाईंनी विचारलं, "ईश्वरप्पांनी पूर्वी असं केल्याचं तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हणाले, "हो. एकदा. आणि ते मीच जाऊन सांगितलं होतं."

"कुणाला?"

मी म्हणाले, त्यांना विचारून सांगते. मला २ सप्टेंबरला सकाळी अकराला पुन्हा बोलावलं आहे. तुझं नाव जबाबात लिहू का, एवढं विचारायला हे पत्र आहे. लिहिलं तर तुला बोलावतील, जुनं सगळं निघेल. नाही म्हणालीस तर मी नाव घेणार नाही, एवढं माझ्या हातात आहे. तू काहीच कळवलं नाहीस तर ते नाहीच समजेन.

माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचं नाहीतर नाकारण्याचं ओझं तुझ्यावर येईल, आणि तुझ्यावर काही टाकायचा मला हक्क नाही.

खाली 'तुझी' लिहायला हात धजत नाही.

मंजुश्री


नांदेड,
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

मंजुश्री,

जयभीम. पत्र शुक्रवारी मिळालं. कॉलेजात पेपर तपासणी चालू आहे, म्हणून उत्तराला तीन दिवस लागले. आम्ही सगळे ठीक आहोत.

मला माहीत होतं.

तुझा फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी आईची दवाखान्याची तारीख होती. परतताना आई म्हणाली, घर तर गेलं, पण कुठलं होतं ते दाखव तरी. रिक्षा थांबवली. वॉचमन आपणहून पुढे आला. म्हणाला, "बघायचंय का ताई? रिकामंच हाय." त्यानं कुलूप काढलं. आई आत गेली, भिंतीला धरून दोन्ही खोल्या फिरली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मंजूला कुणीतरी खोटं सांगितलंय. बिचारीला ठाऊकच न्हाई. फोन कर तिला."

मी फोन केला नाही. आईला म्हणाले, केला. शेवटपर्यंत तिला वाटत होतं की तुला कुणीतरी फसवलं. तू भेटायला का येत नाहीस, हे ती विचारायची. मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. म्हणजे तुझ्या खोट्याला तीन वर्षं मीच सांभाळलं. मला राग आहे तो याचा जास्त. घर काय, इकडे मिळालं.

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. माझ्याकडे द्यायला नाही. पुढे असेल का, ते माहीत नाही.

त्या मुलीला परत बोलावून लिहून दिलंस, ते मी दोनदा वाचलं.

नावाचं विचारलंस. तुझ्या जबाबात माझ्यावर काय गुदरलं ते तू सांगू नकोस. ते मी सांगेन. २ तारखेची रजा टाकली आहे, सकाळच्या बसने निघते. वॉचमनचं नाव वीरण्णा होतं, ते मला आठवतं. तो कुठे आहे याची तेवढी चौकशी कर. बुद्धप्रियाचा नंबर पाठव, तिच्याशी मी आधी बोलते.

बसस्टँडवर घ्यायला येऊ नकोस. अकराला थेट ठाण्यातच भेटू.

प्रियदर्शनी