शार्दूलच्या जागी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार
देवासला आले एकदाची! खोली टेकडीच्या पायथ्याशी आहे. घरमालकीणबाई शाळेत शिकवतात, स्वभाव कडक, पण पोहे फर्मास करतात. नोकरी क्षिप्रा लिनक्सच्या ऑफिसात. माळव्यातल्या तीनशे शाळांचे कॉम्प्युटर आमच्याच लिनक्स प्रणालीवर चालतात. तिच्यातला ब्राउझरचा जुना संच, म्हणजे ब्राउझर, मेल आणि पत्त्यांची वही असं सगळं एकात, बनवणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडलाय. त्याच्या जागी नवा संच पॅकेज करायचा, म्हणजे शाळांच्या मशीनवर आपोआप बसेल असा बांधून द्यायचा, हे माझं काम. नवं बसलं की जुनं आपोआप निघतं, फक्त ‘कोणाच्या जागी’ या ओळीत जुन्याचं नाव लिहायचं. विक्रमसिंह सर भले आहेत, घाई मात्र फार. शेजारच्या ऋतिकानं पहिल्याच दिवशी माझं लोणचं संपवलं. आमचं जमणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार
या संचाचं पॅकेज आधी शार्दूल नावाचा मुलगा सांभाळायचा. ऋतिका सांगत होती, एके दुपारी डबा अर्धा टाकून उठला तो परत आलाच नाही. इथला रिवाज असा, की सांभाळणारा बेपत्ता असला तर त्याला मेल करायची, पंधरा दिवस वाट बघायची आणि मगच पॅकेजवरचं त्याचं नाव काढून आपलं घालायचं. मी मेल केली आणि त्याच दुपारी नाव बदललं. सरांना शुक्रवारी पॅकेज हवंय आणि थांबणं मला जन्मात जमलेलं नाही. पळून गेलेल्याचा कसला मान ठेवायचा?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पॅकेज बांधलं, त्यावर माझी सही केली. उघडून पाहिलं तर ‘कोणाच्या जागी’पुढे जुन्या संचाखाली आणखी एक नाव. अल्पना गणपत मोहिते. माझंच! ऋतिकाची चेष्टा समजून तिला झाडलं. ती शपथेवर नाही म्हणाली. नाव खोडून पुन्हा बांधलं, पुन्हा तेच. पॅकेजमध्ये कोणी काय बदललं त्या नोंदीत आजच्या तारखेला शार्दूलचं नाव. सर म्हणाले, चालतंय ना, मग पाठवून द्या, बाकी सोमवारी बघू. पाठवलं. आज चाळीस शाळांत बसलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
शनिवारी घरमालकीणबाईंच्या शाळेत बसलं. आज सकाळी त्यांनी मला माझ्याच दारात अडवलं. म्हणाल्या, खोली शार्दूलला दिलीय, तुम्ही कोण? ऑफिसात मेल आलेली. त्याचीच. एवढंच: “मी येतच होतो. पंधरा दिवस दम निघाला नाही तुला?”
मला भीती वाटतेय. जिथे पॅकेज बसतं तिथली माणसं मला विसरतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ऋतिकाच्या मशीनवर आज बसलं. सकाळी माझ्या डब्यातलं खाल्लं, दुपारी मला मॅडम म्हणाली. खुर्चीवरून उठवलं, शार्दूलची आहे म्हणून. पॅकेज मागे घ्यायला गेले — माझी सही चालेना. पुढच्या शाळांची यादी पाहिली. उद्या दुपारी दोन, राजगढ, आमचं धारपलीकडचं.
आई राजगढच्या शाळेच्या ऑफिसात आहे. दिवसभर त्याच मशीनसमोर. फोन केला, उद्या मशीनला हात लावू नकोस म्हटलं. हसली. मग परीक्षेची प्रवेशपत्रं कोण काढणार, तुझा बाप?
सगळे विसरले तरी चालेल. आई नको.

१९ फेब्रुवारी, बुधवार
बसमध्ये. इंदूरला तासभर खोळंबा. धार गेलं — दीड वाजला. आईचा फोन लागत नाही.
सरदारपूर. अडीच.

शाळेत नाही. मुलगा आला म्हणून लवकर घरी गेली, म्हणाले. तिला मुलगा नाही. मीच एकटी —

दार आईनंच उघडलं.
“या ना, ताई. शार्दूलकडे आलात का? जेवायलाच बसलाय तो.”
आलात म्हणाली. मला. माझी आई मला —

ओट्यावर बसवलंय. इथेच लिहितेय. आत कोणीतरी जेवतंय. आई आग्रह करतेय, अजून एक बाफला घे म्हणतेय. तो हसतोय —
पाणी आणून दिलं. समोर उभी आहे. प्रेमानंच विचारतेय, नाव काय तुमचं?
सांगते. सांगतेच. माझं नाव —