ढीवर मोहल्ल्याच्या चौदा काचपट्ट्या

बाबा,

तुमच्या आरोग्य केंद्राची जुनी रजिस्टरं महिनाभर माझ्या टेबलावर होती. कोणत्या केंद्राने वर्षानुवर्षं किती कर्मचाऱ्यांत किती काम केलं, हे मोजणं आता माझी नोकरी आहे. सावली तालुक्यातल्या केंद्रांत तुमचं पहिलं येत होतं. घरोघर फिरून घेतलेले हिवतापाचे सर्वांत जास्त रक्तनमुने, आणि पानोपानी तुमची सही. ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

मग भाताच्या रोवणीच्या दिवसांतलं एक पान निघालं. एकाच दिवशी ढीवर मोहल्ल्यातले, मासेमारांच्या वस्तीतले, चौदा नमुने. पुराने शाळेची भिंत पडली तो दिवस, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. नाला दुथडी भरलेला, मोहल्ला पलीकडे, आणि तुम्ही दिवसभर घरीच. सैपाकघरात मला पाटावर बसवलंत. "हात दे वं बाई, मुंगी चावल्यावानी लागते." एकाच बोटातून तुम्ही काचपट्टीमागून काचपट्टी भरताय, आणि आई चुलीजवळून विचारतेय, "पोरीचं रक्त काऊन काढून राह्यले जी?"

"सरकारले पट्ट्या पाह्यजेत. पूर का सरकारले दिसते?"

मी चौथीत होते. सरकारला माझं रक्त लागतं, असं शाळाभर सांगत फिरले.

त्या चौदांत सातवं नाव काकूचं आहे. टोपलीत झिंगे घेऊन येणारी, आधी माझ्या ओंजळीत मूठभर टाकणारी काकू. ती तेव्हा तापाने फणफणली होती. नावापुढे लिहिलंय, निगेटिव्ह. पूर ओसरला तरी तुम्ही गोळ्या घेऊन गेला नाहीत, कारण कागदावर काम झालेलं होतं. पंधरा दिवसांत ती गेली. तुम्ही मयतीला गेलात, खांदा दिलात, आंघोळ करून जेवलात. माझ्या रक्ताने तिला निरोगी ठरवलंत, बाबा. तुमच्याइतका विश्वास मी कुणावर टाकला नव्हता. भांडायलाही तुम्ही आता नाही, त्याचा जास्तच संताप येतो.

तुमच्या केंद्राने आता मोहल्ल्यासाठी आणखी एक माणूस मागितलाय. आमचे साहेब म्हणाले, "पहिल्या नंबरवाल्याले जादा माणूस कायले? आहे त्यात भागून राह्यलं ना!" मी अहवालात खरं लिहिलं असतं तर तो माणूस मिळाला असता, आणि तुमचं नाव गेलं असतं.

आज दुपारी मी अहवाल दिला. तुमचं केंद्र पहिलंच ठेवलंय.