फेकलेलं लोखंड

अण्णा,

हे पत्र टाकायचं धाडस होईलसं वाटत नाही, तरी लिहितो.

"वेल्डिंग म्हणजे लोखंडाला डिंक लावणं," असं म्हणत तुम्ही मला आपल्या लोहारभट्टीवरून हाकललंत. आता तोच डिंक एका मोठ्या दुर्बिणीच्या घुमटाला लावतोय.

इथल्या संशोधक बाई म्हणाल्या, लोखंड ताऱ्यांच्या पोटात बनलं. पहिले तारे फुटले तेव्हा त्यातलं पुष्कळसं ताऱ्यांच्या वस्तीबाहेर, पार रिकाम्या अंधारात फेकलं गेलं.

"मग ते परत येतच नाही?" मी विचारलं.

"निवलं की काही येतं परत. निवायला वेळ लागतो, एवढंच."

अण्णा, माझा राग केव्हाच निवला. तुमचा निवला असेल तर आईला नुसतं म्हणा, पोराचं अंथरूण उन्हात टाक. मला कळवल्याशिवाय तिला राहवणार नाही.

तुमचा धाकटा