बाबाईच्या खड्ड्यातली भुकटी

बेरू बेट, ४ मार्च

चि. कौरे यास रोतियाताईचे आशीर्वाद. आईच्या सांगण्यावरून देतेय, माझ्या मनानं नव्हे.

आपल्या खड्ड्यात लावलेल्या बाबाईची अळवासारखी पानं पिवळी पडलीत. गावच्या नव्या सभाघराच्या, मनेआबाच्या जेवणाला न्यायचा म्हणून आईनं इतकी वर्षं जपलेला तो मोठा कंदसुद्धा हाताला मऊ लागतो. सुवाहून तुझ्या ऑफिसनं जिवाणूंची भुकटी पाठवली ना, तिचे प्रताप! पाकिटावर छापलंय, खड्ड्यात पानं कुजवायची गरज नाही. खाली तुझी सही. आईनं नीरफणसाची पानं घालणं बंद केलं, अर्ध्या गावानंही केलं. दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावू नये ही रीत सोडून शेजारचा तियाओन रोज वाकून बघतो आणि कौरेसाहेबाचं औषध लागू पडलं का म्हणून विचारतो.

काय ते लवकर कळव. लोभ आहे, पण फार ताणू नकोस.

रोतिया


सुवा, १९ मार्च

ती. ताईस कौरेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकंच फिरलं. पानं कशाला बंद केलीत? ते जिवाणू थंड मुलखातल्या काळ्या, आंबट मातीत वाढवलेले. आपल्याकडे नुसती प्रवाळाची वाळू, खाली खारं पाणी, वर ऊन. तिथं ते आठवडाभरसुद्धा तगायचे नाहीत. आपल्या खड्ड्यातले जिवाणू पानांवर जगतात. तुम्ही त्यांनाही उपाशी मारलंत! हे सगळं मी साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, सगळ्या बेटांना एकच पाकीट जाणार, आणि बेरूच्या माणसाची सही असली की बेरूचे लोक घेतील. नोकरी आहे ताई, पदरात दोन पोरं आहेत. मी काय करणार होतो?

आईला पानं घालायला सांग. माया कमी करू नकोस.

कौरे


बेरू बेट, ३० एप्रिल

कौरे,

आशीर्वाद या खेपेला देत नाही. तू चुकलास असं समजून मी रागावले होते. तुला तर सगळं माहीत होतं!

काल मनेआबात सगळ्या घरांचे कंद मांडले. आईनं आपला अर्धा कुजलेला कंद स्वतःच उचलून नेला. लोक तुझं नाव घेऊन शिव्या द्यायला लागले, तशी आई उठली. म्हणाली, माझा लेक आपल्या माणसांना जाणूनबुजून फसवणार नाही, त्यालाच कुणीतरी फसवलं असणार. शिव्या देणारे खाली बसले. तियाओननं तर तिची माफी मागितली.

मी खाली मान घालून बसले होते. आईला आता दिसत नाही, तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. तुझ्या पत्रात काय आहे असं तिनं विचारलं, तेव्हा पानं घालायला सांगितलंय, एवढंच बोलले. उरलेलं तू पुढच्या बोटीनं येऊन तिला तुझ्या तोंडानं सांग.

लोभाचं त्यानंतर बघू.

रोतिया