पाहुणीचा रहिवासी दाखला

मामा, काल शिरूरला जाऊन मी माझ्या लायसनची मुदत वाढवून आले. पत्त्याच्या रकान्यात आपल्या गावाचं नाव लिहिलं, खाली सही केली, आणि काउंटरवरच्या बाईनं मान वर करूनही पाहिलं नाही. एवढंसं काम होतं ते. त्याच्यासाठी तुम्ही तुमच्या सुनेला सहा वर्षं तंगवलंत, म्हणून तुम्ही जाऊन इतका काळ लोटला तरी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण जिवंतपणी तुमच्यापुढं तोंड उघडायची सोय नव्हती, आता तुम्हाला उठून जाता येत नाही.

लग्नानंतर पंधरा दिवसांत माझ्या वडिलांनी कासुर्डीच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी केलं आणि तो दाखला तुमच्या हातात दिला. तिकडं कमी झालेलं नाव सासरच्या कार्डावर चढवायचं, ही सगळ्या घरांची रीत. तुम्ही दाखल्याची घडी घातलीत आणि तो ट्रंकेत ठेवून कुलूप लावलंत. वर्षभरानं मी विचारलं तेव्हा माझ्याकडं न बघता आत्यांना म्हणालात, "लेकरू झालं की दोघांची नावं संगंच चढवू." लेकरू झालं नाही. चौथ्या वर्षी मी चुलीपुढं भाकरी थापतेय आणि तुम्ही ओट्यावर कुणाला तरी सांगताय, "कागदावर नसली म्हंजी उद्या सोडायला सोपी जाती." भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजली, तुम्हाला वाढली. तुम्ही चार खाल्ल्यात त्या दिवशी, मला अजून आठवतं.

गाडी मला लग्नाआधीपासून येत होती. वडिलांचा गुळाचा टेंपो मी गुऱ्हाळापासून रस्त्यापर्यंत आणायचे, तुम्हालाही ते ठाऊक होतं. कारेगावात कंपनीतल्या बायकांच्या पोरांसाठी एक शाळा निघाली आणि तिच्या व्हॅनला बाई ड्रायव्हर हवी होती. शाळेच्या बाई म्हणाल्या, लायसन आणा, दुसऱ्या दिवशी किल्ली घ्या. लायसनला शिरूर तालुक्यात राहत असल्याचा एक तरी कागद पाहिजे. माझ्याकडं एकही नव्हता. सहा वर्षं तुमची धुणीभांडी केली त्याची पावती कोण देतं? म्हणून पंचायतीत रहिवासी दाखला मागायला गेले, तर तिथं तुम्हीच खुर्ची टाकून बसलेले. मी सगळ्यांसमोर विचारलं हेच तुम्हाला झोंबलं असणार. "हिला कशाला दाखला? पाहुणी हाय ती आमच्याकडं. कवा जाईल नेम न्हाई." लोक हसले. लिहिणाऱ्यानं पेन खिशाला लावलं. त्याच महिन्यात आपल्या खोलीतल्या बिहारी भाडेकरूला तुम्ही भाडेकरार करून दिलात, कारण त्याला लायसन काढायचं होतं. गावात आल्यापासून आठ महिन्यांत तो गावचा झाला. व्हॅनची किल्ली दुसऱ्या बाईला मिळाली.

मग मीही हट्टाला पेटले. रेशनकार्डावरून वडिलांनी नाव कमी केलं होतं, पण मतदार यादीतलं काढायचं राहून गेलं होतं. त्या एका ओळखपत्रावर मी अजून दौंड तालुक्यात, कासुर्डीलाच राहत होते. आईच्या गुडघ्याचं निमित्त सांगून दोनदा माहेरी गेले, आधी शिकाऊ लायसन काढलं आणि महिन्यानं दौंडला आरटीओच्या कॅम्पात गाडी चालवून दाखवून पक्कं. पत्ता खोटाच होता. राहत होते तुमच्या दारात आणि कागदावर बापाच्या. पोस्टानं आलेलं लायसन भाऊ घेऊन आला, ते मी शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. मला ते घरात सांगायचं नव्हतं. गावची माणसं जमलेली असताना तुमच्या पुढ्यात टाकायचं होतं, दिवाळीत पाहुणे आले की.

दिवाळीपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. सकाळी नऊचा सुमार. तुमचा मुलगा पहिल्या पाळीला, त्याचा मोबाईल कंपनीच्या गेटवर जमा. तुम्ही पडवीत बसलाय आणि हातातला कप सुटून खाली पडतो. तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. दारात आपली मारुती व्हॅन उभी आहे. तुम्ही जड जिभेनं म्हणता, "गाडी काढ."

"लायसन न्हाई मामा."

"चुलीत घाल लायसन. काढ गाडी."

"आन् वाटंत पोलिसानं धरलं तर काय सांगू? मी तर पाहुणी हाय."

आत्या तशाच अनवाणी खोल्यांकडं पळाल्या. बिहारी भाडेकरू रात्रपाळी करून झोपला होता, तो डोळे चोळत आला, "चाबी दो भाभी." तुम्हाला व्हॅनमध्ये घालेपर्यंत अर्धा तास गेला. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडं लवकर आणलं असतं तर उजवा हात कदाचित वाचला असता. मी मान डोलावली. मला वाईट वाटलं नाही, मामा. रडले मी, पण ते लोक बघत होते म्हणून.

त्यानंतर चार वर्षं जगलात. सही करणारा हात गेला, म्हणून डाव्या अंगठ्यानं अर्ज केलात आणि माझं नाव कार्डावर चढलं. दौंडच्या लायसनवरचा पत्ता मी गुपचूप बदलून घेतला आणि घरात सांगितलं, नवीन काढलं. आठवड्यातून दोनदा तुम्हाला व्यायामासाठी शिरूरला मीच न्यायचे. एकदा परतताना, सरळ रस्त्यावर, तुम्ही म्हणालात, "तवा तुझ्याकडं लायसन असतं तर बरं झालं असतं गं. माझीच चूक." तोच क्षण होता. एक वाक्य बोलले असते तर तुमचा उरलेला जन्म जळाला असता, आणि माझं सगळं वसूल झालं असतं. जिभेवर आलं होतं. मी गिअर बदलला.

तुमच्या मुलाला हे पत्र दाखवणार नाही. आत्यांना तर नाहीच. तुम्हाला दया दाखवली असंही समजू नका. त्या व्यायामाच्या हॉलमध्ये तुम्ही दर खेपेला नव्या माणसाला डाव्या हातानं मला दाखवून सांगायचात, "ही आमची सून. आमच्याच गावची हाय." खरं सांगितलं असतं तर ते बोलणं बंद झालं असतं, आणि मला ते पुढच्या खेपेला परत ऐकायचं होतं.